ओरिजनल म्हणजे कुठलं?

मी त्याच्याकडे पाहत नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. मी त्याच्या मनगटाकडे पाहत होते.

चेलाडीहून वेल्ह्याला जाणारी सकाळची एसटी. बाहेर श्रावणातली भुरभुर, आत खिडकीतून गळणारी संततधार. मी सौदामिनी, भोरची, वेल्ह्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे उभ्याने प्रवास करायची सवय आहे. माझ्या नाकासमोर वरची दांडी धरलेला एक हात होता आणि त्या हातावर एचएमटीचं जुनं ‘जनता’. डायल उन्हापावसाने चहाच्या रंगाची झालेली, देवनागरी अक्षरं अर्धी उडालेली, काटे मूळचे. कुणी म्हणून कुणी छेडलेलं नाही! जुनी घड्याळं जमवणाऱ्या बाईला अशा वेळी काय होतं, ते सभ्य भाषेत सांगता येत नाही.

“बघा की निवांत,” वरून आवाज आला. “आपल्याला घाई न्हाई.”

“मी घड्याळ बघतेय.”

“वाजलं किती मग?”

“तुमच्या घड्याळात साडेचार. म्हणजे ते बंद आहे.”

“म्हाईत हाय. आज्याचं हाय.” जणू यात सगळा खुलासा आला.

“डायल ओरिजिनल आहे,” मी म्हणाले. “चावी मात्र परकी. दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळाची काढून बसवलीय.”

“परकी कशी? आज्यानंच बसवलीया. नांदायला आलेल्या बाईला कुनी परकी म्हनतं व्हय?”

अर्धी एसटी हसली. कंडक्टरने तर तिकीट फाडायचं थांबवलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीतून काहीच दिसत नव्हतं, तरी बघत राहिले.

त्याचं नाव गोरख. राजगडाच्या पायथ्याच्या पालीला राहायचा, गडावर येणाऱ्या ट्रेकवाल्यांना जेवू घालायचा आणि उरलेल्या वेळात भात पिकवायचा. त्यानंतर तो वरचेवर त्याच एसटीत दिसू लागला. वेल्ह्यात त्याला काडीचं काम नसतं आणि घरी चांगली मोटारसायकल आहे, हे मला फार उशिरा कळलं.

“विकणार का हो हे?” मी एकदा विचारलंच.

“इकायचं न्हाई. घरच्या मानसाला द्यायचं.” एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि मान खाली घातली. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. पुढचं वाक्य भातावरच्या करपा रोगाबद्दल होतं.

पावसाळा असा गेला. हिवाळाही गेला. करपा, युरिया, ट्रेकवाल्यांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या... जगातल्या सर्व विषयांवर गोरख माझ्याशी मोकळेपणाने बोलला. एक सोडून.

तेवढ्यात बाबांना पुण्यात मंदार नावाचं स्थळ सापडलं. आमचे बाबा, दीनानाथराव, निवृत्त हेडक्लार्क. आलेलं प्रकरण पुढे सरकवल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. वेल्ह्याच्या स्टँडवर चहा घेताना मी गोरखला सांगितलं.

“रविवारी पाहुणे येतायत. मला बघायला.”

“बरं.”

“बरं काय?”

“म्हंजी... पोहे करनार?”

“पोहेच करतात.”

“कांदा जरा जास्त घाला. लोकं कंजूषी करत्यात.”

मी कप आपटला. “गोरख, तुम्हाला काही म्हणायचंय का? रविवारच्या आधी?”

तो बराच वेळ अंगठ्याने घड्याळाची काच पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅडम... ह्ये घड्याळ तुमास्नी द्यायचंय. घ्याल का?”

माझ्या छातीत काहीतरी चालू झालं. आता सरळ ‘हो’ म्हणायचं की नाही? पण मला लाडात यायची हुक्की आली, जन्मात पहिल्यांदाच. मान वेळावून म्हणाले, “ओरिजिनल असेल तरच!”

गोरख एकदम गंभीर झाला. “शनवारपत्तूर टाईम द्या मला,” म्हणाला आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

डायल रंगवायची नसते, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. विस्तवात हात घालायचा नसतो, हेही सांगितलं नव्हतं.

शनिवारी भोरच्या स्टँडवर त्याने रुमाल उलगडला. नवी काच, नवी चावी, नवा पट्टा. घड्याळ टिकटिक चालू. आणि डायल... पांढरीफेक. दुधासारखी. निर्लज्जपणे चमकणारी.

“हे काय केलंत?”

“ओरिजनल!”

“कुणी केलं?”

“नसरापूरचा पेंटर. टेम्पोवर नावं काढतो. लई बारीक हात हाय त्याचा.”

मी बाकावर बसले. “गोरख, ओरिजिनल म्हणजे जसं आहे तसं! हात न लावलेलं! तो रंग चढायला किती काळ जावा लागतो, माहीताय? तो परत आणता येत नाही कुणाला!”

“पन मॅडम,” तो गोंधळून म्हणाला, “आज्यानं घेतलं तवा ह्ये असंच पांढरं हुतं. आज्जीला इचारून केलंया. मग ओरिजनल कुठलं? आज्यानं घेतलेलं, का मळलेलं?”

प्रश्न बरोबर होता. त्या दिवशीची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच. रागारागाने मी चष्मा पुसून डायल डोळ्यांशी नेली. म्हटलं, निदान अक्षरं तरी धड काढलीत का बघू.

‘जनता’ गायब होतं. तिथे टेम्पोच्या अक्षरांत, खाली छोटीशी वेलबुट्टी काढून लिहिलं होतं — सौदामीनी.

“पेंटरनं इचारलं, नाव कुनाचं टाकू?” गोरख स्वतःच्या चपलांशी बोलत होता. “टेम्पोवर घरच्यांचंच टाकत्यात. म्हनलं, मग घरच्या मानसाचंच टाक...”

पलीकडे स्वारगेटची गाडी लागली. लोक धावले. मला धड रडता येईना, धड ओरडता येईना. शेवटी माझ्यातली मास्तरीण बोलली.

“यातला ‘मि’ ऱ्हस्व असतो.”

त्याचा चेहरा पडला. “चुकलं व्हय? द्या हिकडं, परत रंगवून—”

“खबरदार हात लावशील तर!”

लावशील. आम्ही दोघेही त्या शब्दापाशी थबकलो. तो आधी सावरला. कानांपर्यंत लाल झाला होता, पण हसत होता.

मी मोबाईल काढून बाबांना फोन लावला. उद्याच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा, का ते घरी येऊन सांगते, म्हटलं. बाबा पलीकडून काय बोलले ते गाडीच्या हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही, ही देवाची कृपा.

घड्याळ मनगटावर बांधून मी हात पुढे केला. “आता तोंडाने म्हण.”

“काय?”

“नाव. पेंटरला सांगितलंस तसं. आणि मॅडम नाही हं.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, “सौदामीऽनी.”

लांबवून. मायेने. चांगला दीर्घ ‘मी’.

पेंटरची काहीच चूक नव्हती. बिचाऱ्याने ऐकलं तसंच काढलं होतं.