कर मागताना शिल्प, भरताना खडी

रेहाना मुजावरने मूल्यदर्शक शेवटच्या शिल्पाभोवती फिरवला. टॉर्चएवढं ते यंत्र वस्तूचा त्रिमितीय ठसा घ्यायचं, जगभरातल्या खरेदी-विक्रीत तशी वस्तू शोधायचं आणि बाजारभाव सांगायचं. संपत्ती कर लागू झाल्यापासून कर-अधिकारी तेच घेऊन घरोघरी फिरत. ना ओळख, ना लाच, ना हुज्जत, असं सरकार सांगत होतं आणि रेहानाचा त्यावर विश्वास होता.

आकडा पाहून मात्र ती चपापली. "नेर्लेकरबाई, तुमच्या अंगणात एकवीस कोटींची संपत्ती आहे."

वसुधा नेर्लेकरांनी छिन्नी खाली ठेवली. कोल्हापुरात त्यांनी उभा जन्म दगड घडवण्यात घालवला होता. घर चालत होतं ते चित्रकलेच्या शिकवण्यांवर. "अहो मॅडम, फुकट देते म्हटलं तरी टेम्पोचं भाडं कोण देणार म्हणतात लोक. आजवर एकच विकलं गेलंय. एका गॅलरीनं चाळीस हजारांना नेलं."

रेहानाने यंत्रावर त्या शिल्पाचे व्यवहार उघडून पाहिले. त्या गॅलरीकडून तेच शिल्प उद्योगपती प्रतापराव इंगवले यांनी दीड कोटीला घेतलं होतं. मग ते संग्रहालयाला दान करून दीड कोटीची करसवलत मिळवली होती. गॅलरी त्यांच्या जावयाची होती. तोच भाव यंत्राने अंगणातल्या प्रत्येक शिल्पाला लावला होता. त्याला फक्त भाव दिसला होता, जावई दिसला नव्हता.

"एवढा कर तर मी घर विकूनही भरू शकणार नाही," वसुधाबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा ही शिल्पंच घेऊन जा. भाव तुम्हीच ठरवलाय ना?"

कराऐवजी शिल्पं सरकारजमा केली तर किती किंमत धरायची, ते रेहानाने यंत्राला विचारलं. आज घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. उत्तर आलं: बांधकामाचा दगड, अठरा हजार रुपये.

"वा! कर मागताना शिल्प आणि भरताना खडी?" वसुधाबाई म्हणाल्या. रेहानाला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी ती इंगवल्यांच्या संपत्तीची किंमत लावायला त्यांच्या कार्यालयात गेली. त्यांची कंपनी समुद्राच्या पाण्यातून लिथियम काढायची. तिचे शेअर बाजारात विकले जात नव्हते आणि तशी दुसरी कंपनीही नव्हती. मूल्यदर्शक म्हणाला, 'तुलना उपलब्ध नाही.' अशा वेळी मालकाने सांगितलेली किंमत धरायची, असा नियम होता. इंगवल्यांनी सांगितली होती दोन कोटी.

"नवं तंत्रज्ञान आहे, मॅडम. उद्या चालेल, नाही चालणार," ते हसून म्हणाले. "तुमच्या यंत्रालाही जमलं नाही, तर मला कसं जमणार?"

संतापाने रेहानाने त्या आठवड्यात अख्खा कायदा वाचून काढला. मालकाने स्वतः सांगितलेल्या किमतीला ती मालमत्ता विकत घेण्याचा हक्क सरकारला होता. तो कुणी कधी वापरला नव्हता. तिने प्रस्ताव पाठवला: दोन कोटी देऊन कंपनी ताब्यात घ्यावी.

लगेच मुंबईहून वरिष्ठांचा, सावरडेकरांचा फोन आला. "मुजावर, हे काय करून ठेवलंत? इंगवले म्हणतात, कंपनी नऊशे कोटींची आहे!"

"तसं लेखी देतील का, सर?"

"प्रस्ताव मागे घ्या. त्या शिल्पकारबाईंचा कर आपण माफ करून टाकू. झालं?"

एका सहीने वसुधाबाईंचं घर वाचत होतं. रेहाना विचार करून सांगते म्हणाली आणि तडक त्यांच्याकडे गेली.

वसुधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्या कामाची किंमत चुकीची लावली, ती दुरुस्त करा. मी मागतेय ते इतकंच," त्या म्हणाल्या. "त्यांची चोरी झाकायला माझं नाव नको."

अंगणात उभं राहूनच रेहानाने सावरडेकरांना फोन लावला. "सर, नेर्लेकरबाई या किमतीविरुद्ध अपील करतील आणि ती दीड कोटीची विक्री घरातल्या घरातली होती, अशी मी स्वतः साक्ष देणार आहे. आणि प्रस्ताव मागे घेणार नाही. आता तुम्हीच सांगा, सरकार ही कंपनी दोन कोटींना घेणार, की नऊशे कोटींवर कर लावणार?"