गुडघ्यांना अडणारं स्टिअरिंग

"काका, चौदाचा पाना द्या."

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते आणि पुढे केलेला एक काळाकुट्ट हात. गॅरेज त्याच्या काकांचं, पण काका जागेवर नव्हते. बाबांचं ड्रिल परत न्यायला आलेली मी तेवढी होते. मी पाना दिला. बोटांना बोटं लागली, तसा तो हात थबकला...

"काका, तुमचे हात एवढे मऊ कधी झाले?"

मी सटकणारच होते, पण गाडी पाहून पाय निघेना. त्याच्या आजोबांची, लांब नाकाची जुनी गाडी. बॉनेट काढलेलं, छत कापून खाली घेतलेलं, मागे रुंद टायर. ट्रकला शोभेल असं इंजिन बसवून तो ती रस्त्यावर चालवणार होता आणि जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीतही उतरवणार होता. आत सीट मात्र नव्हत्या. आणि सीट शिवणं हा आमचा घरचा धंदा.

काम मला मिळालं आणि डोक्याचा पार भुगा झाला. तो सारखा बोलवायचा. फोम किती दबतो बघू, म्हणून मला चालकाच्या जागी बसवायचा, खाली वाकून पेडल जुळवायचा, स्टिअरिंग मागे-पुढे करायचा. बोलायचा मात्र इंजिनाबद्दलच. मी नवा निळा ड्रेस घालून गेले, तर म्हणाला, याच रंगाचा दोरा वापर. हा माणूस आहे की कार्ब्युरेटर? तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर. प्रेम असं एकटीनेच करायचं असतं का, तेही कळेना. गाडी पूर्ण झाली की तिथे जायला निमित्तही उरणार नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सीट बसल्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो ऐटीत आत शिरला आणि — अडकला. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला. काकांनी मोजायची टेप लावली, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं वेल्डिंग करून पक्कं केलेलं होतं, माझ्या मापाने. काका हसत हसत चहा सांगायला गेले.

"तू एकदाही स्वतः बसून पाहिलं नाहीस?"

"सुचलंच नाही."

"असं कसं? गाडी तुझी, शर्यत तुझी —"

"मलाही तेच कळत नाहीये..." तो आधीच स्वच्छ असलेले हात फडक्याने पुसत राहिला. "डोळ्यांपुढे ही गाडी धावायची ना, तेव्हा आत तूच असायचीस. मला वाटायचं, मी गाडीचाच विचार करतोय."

"म्हणजे?" मी वेड्यासारखं विचारलं.

"म्हणजे... आवडतेस. बहुतेक त्या पान्यापासूनच."

"बहुतेक?"

"नाही. नक्की."

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. मलाही तू आवडतोस, असंच काहीतरी असावं, कारण तो इतक्या घाईने उठला की डोकं छताला आपटलं.

पेडल कापून पुन्हा जोडायला आता वेळ नव्हता. आमचा सोफे पोचवायचा टेम्पो मीच चालवते, तेव्हा चालक आपोआप ठरला. दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर तो शेजारी बसला, गुडघे हनुवटीशी घेऊन. आजूबाजूची इंजिनं गुरगुरत होती.

"हरले तर?" मी विचारलं.

"तरी माप बदलणार नाही."

टेम्पोत मला पाठीशी उशी घ्यावी लागते. इथे मी क्लच दाबला, आणि पाय सहज पोचला.