न्हाणीतली लादी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं वाटूरला यावं. ती लादी माझ्या सासरच्या अंगणात भिंतीला टेकवून उभी आहे. हात लावून बघा.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अक्षय्य तृतीयेची भर दुपार होती. अंगण तापलं होतं, आत पितरांच्या नैवेद्याचं पुरण शिजत होतं.

माझी अक्षता तेव्हा पाच महिन्यांची. तिला न्हाऊ घालायला बेबीनंदा मावशी यायच्या. न्हाणीत जमिनीत बसवलेली एक मोठी लादी. त्यावर मावशी पाय पसरून बसायच्या आणि बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या.

मी दारात उभी. रोजच उभी असते.

"उडून चाल्ली का तुमची पोरगी?" मावशी चिडवायच्या. "जा, पुरण बघा."

मी हलले नाही. मावशी तांब्यावर तांब्या ओतत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं...

मोरीकडं पाणी जातच नव्हतं.

सगळं पाणी लादीच्या कडेनं खाली उतरत होतं. एवढं पाणी, पण आवाज नाही. थेंबाचासुद्धा नाही.

मग खालून आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

ओल्या दगडावर दगड घासल्यासारखा. सावकाश.

"मावशी, ऐकलं का?"

मावशींचा हात तसाच थांबला. "पोरीला घ्या आधी," एवढंच बोलल्या.

मी अक्षताला उचललं. तिची मूठ घट्ट मिटलेली. आणि तोंड हलत होतं... काहीतरी चघळल्यासारखं.

मी बोट घातलं.

खडा निघाला.

बोराच्या बीएवढा, हिरवागार, गुळगुळीत. मुठीत अजून एक.

घशात अडकला असता तर? तेल लावून नागडं केलेलं बाळ, माझ्या डोळ्यांसमोर. खडा आला कुठून?

आमच्या घरात सगळीकडं मोझॅकची फरशी आहे. तसेच खडे तिच्यात. मी गुडघ्यांवर रांगत खोली न् खोली तपासली. एकही खडा निघालेला नव्हता.

"तुझंच लक्ष नसंल," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "मोबाईल बघून राह्यली असशील."

किती संताप आला मला! पण सणाचा दिवस. गिळला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खडा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नेहमी आंघोळीनंतरच. मी ते काजळाच्या रिकाम्या डबीत ठेवत गेले.

मग मावशींनी हातच जोडले. "मी न्हाई बसत आता त्या लादीवर. इतके दिवस गप होता म्हणून बसले."

"कोण गप होता?"

"शिवा मिस्त्री. तुमच्या सासऱ्यांना इचारा."

मी आधी भारतला विचारलं. माझा नवरा. त्याला खोटं बोलता येत नाही.

शिवा मिस्त्रीचं खरं नाव सिल्व्हिओ. इटलीचा. तरुणपणी जालन्यात एका चर्चची फरशी करायला आला आणि परत गेलाच नाही. वाटूरच्या दैवशालाशी लग्न केलं. गावाच्या जिभेवर सिल्व्हिओ बसेना, म्हणून शिवा झाला. दैवशाला लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. पंचक्रोशीतल्या फरश्या घासत म्हातारा झाला.

आमच्या घरातली फरशी त्यानं फुकट केली. बदल्यात माझ्या सासऱ्यांकडून शब्द घेतला. मरेपर्यंत अंगणातली खोली. मेल्यावर वावराच्या कोपऱ्यात पुरायला जागा, आणि वर त्याची लादी.

"ती लादी त्यानं सोताच्या हातानं केल्ती," भारत म्हणाला. "मी लहान होतो. शेजारी बसून बघायचो. खडा न् खडा पारखून लावायचा."

"मग ती न्हाणीत कशी आली?"

"अण्णांना इचार," म्हणत भारतनं ओसरीकडं बोट केलं.

मी तडक ओसरीवर गेले. मामा, म्हणजे माझे सासरे तातेराव, सुपारी कातरत बसले होते.

"मामा, न्हाणीतली लादी शिवा मिस्त्रीची आहे ना?"

"आहे की. मंग?"

"त्याच्या कबरीवर का नाही?"

"एवढी चांगली लादी मातीत घालायची व्हय?" मामा हसले. "मेलेला माणूस काय वाचून राह्यला? उलटी करून टाकली न्हाणीत. आज इतकी वर्षं बिलकुल हलली न्हाई."

अंगात आग लागली माझ्या. माझं लेकरू, तुमची नात, रोज एका माणसाच्या कबरीच्या दगडावर न्हात होती! आणि हे हसत होते.

"लादी आत्ता काढायची," मी म्हणाले. "नाहीतर मी अक्षताला घेऊन निघाले माहेरी."

"सूनबाईला लई शिकवलं माहेरच्यांनी," मामा म्हणाले.

भारत पहार घेऊन आला.

लादी उचलली...

खाली माती कोरडी ठाक.

इतक्या वर्षांचं पाणी. आणि बोटानं उकरली तर धूळ उडाली.

भारतनं लादी अंगणात ओढून आणली आणि उलटवली. खड्यांनी लिहिलेली अक्षरं होती. मराठीत. वळणदार, शाळेतल्या पोरानं गिरवल्यासारखी.

सिल्व्हिओ वाटूरकर.

'सिल्व्हिओ' शाबूत होतं. 'वाटूरकर'मधले काही खडे निघाले होते. तिथं नुसत्या खाचा.

मी डबी आणली. एकेक खडा खाचेत ठेवला.

बराबर बसले.

"कुठला वाटूरकर?" मामा मागून म्हणाले. "कुठून आल्ता ते ठावं नाही, आन् म्हणं वाटूरकर."

न्हाणीत कुणीच नव्हतं, तरी खर्र... असा आवाज आला. एकदाच. मामांची सुपारी खाली पडली.

भारतनं पांढऱ्या सिमेंटनं खडे पक्के बसवले. मी मामांना म्हणाले, "चला, जागा दाखवा. लादी तिथं नेऊन ठेवू."

मामा उठले आणि आत निघून गेले.

तेव्हा भारतकडून मला कळलं. वावराच्या त्या कोपऱ्यात आता वावरच नाही. मामांनी प्लॉट पाडून विकले. घरं उभी राहिली. शिवा मिस्त्री कुणाच्यातरी खोलीखाली आहे. कुणाच्या, ते एकट्या मामांना माहीत.

"कळलं तर लोकं प्लॉट वापस करतील," आत्याबाई कुजबुजल्या. "तू गप बैस."

मी गप नाही बसले. त्याच दिवशी अक्षताला घेऊन जालन्याला आले, मस्तगडला, माझ्या आईकडं. इथं सगळी शहाबादी फरशी. मोझॅकचा खडा औषधाला नाही.

पहिल्याच दिवशी आंघोळ झाली, मी तिची मूठ उघडली...

लाल खडा.

लगेच भारतला फोन लावला. "लादी बघा."

तो अंगणात गेला. "एक खडा गायब हाय," म्हणाला. "सिमेंट तसंच हाय. नुसती खाच."

मी रोज मामांना फोन करायला लागले. मामा, जागा दाखवा. मामा, त्या माणसानं फक्त तेवढंच मागितलं होतं. मामा, तुमच्या नातीच्या घशात अडकेल एखाद्या दिवशी. ते ऐकायचे आणि फोन ठेवायचे.

मग गेल्या सोमवारी मूठ उघडली.

रिकामी.

तोंड बघितलं. रिकामं. दुपटं, तेलाची वाटी, झबलं झटकून बघितलं. काही नाही. देव पावला, असं वाटलं...

तेवढ्यात भारतचा फोन. "आज दोन खडे गेलेत. सापडले का?"

मी पुन्हा तिच्या तोंडात बोट फिरवलं. अक्षता तर माझ्याकडं बघून हसत होती.

"मामा कुठंत?" मी विचारलं.

"जेवून राह्यलेत. का?"

"फोन त्यांच्याजवळ न्या."

पावलं ऐकू आली. ताट वाजल्याचा आवाज. मग भारत हळूच म्हणाला, "अण्णा... काय चावून राह्यले? तोंड उघडा."



फोनमधून मला स्पष्ट ऐकू आलं...

खर्र... खर्र... खर्र...

आता मामा रोज जेवता जेवता थांबतात. तोंडातून काहीतरी काढून मुठीत लपवतात. भारतनं दाखवा म्हटलं तर मूठ अजून घट्ट करतात. जागा मात्र सांगत नाहीत.

मला त्यांची दया येत नाही.

पण 'वाटूरकर'मधले खडे आता संपत आलेत. ते संपल्यावर काय, ते मला माहीत नाही.

अक्षताची मूठ मी अजून रोज उघडते.