ओढीचं माप

माझ्या लक्ष्याच्या पिवळ्या ठिपक्यात बाण खचकन रुतला, तेव्हा मी धनुष्य उचललंही नव्हतं.

मी मान वळवली. माझ्या उजव्या हाताला, शेजारच्या रांगेत एक उंच, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. धनुष्य छातीशी धरून... चोरी पकडल्यासारखा.

"तो... माझा आहे," तो म्हणाला.

"नेम झकास आहे. फक्त लक्ष्य माझं आहे."

"मी माझ्याच लक्ष्यावर मारला होता!"

"बाणाला सांगितलं होतंस का तसं?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक खोल रेघ उमटली, आणि मी उगीचच माझ्या हातमोज्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला.

ऑस्ट्रेलियातल्या स्टॅन्थॉर्प गावात आमचा तिरंदाजांचा लहानसा क्लब आहे. सगळे साध्या, लाकडी धनुष्यांचे वेडे. नवीन माणूस आला की तासाभरात त्याचं नाव सगळ्यांना कळतं. याचं नाव डारिओ. गावाबाहेर ओढ्यापलीकडे द्राक्षांचा मळा त्याचाच, आणि हातातलं धनुष्यही त्यानं स्वतः तासलेलं.

शिट्टी झाली. आम्ही दोघं बाण काढायला चालत गेलो. मी त्याचा बाण उपटला आणि दोन्ही हातांनी जरासा वाकवून पाहिला. छे, ढिम्म हलेना.

"हे कुठून आणलेस?"

"ब्रिस्बेनच्या दुकानातून. महाग आहेत चांगले."

"महाग आहेत आणि हट्टी आहेत. तुझ्या धनुष्याला बाण टेकायला खाच नाही. म्हणजे दोरी सुटली की बाणाला धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जावं लागतं. वाकत, मासोळीसारखा वळवळत. हा पठ्ठ्या वाकतच नाही. मग डावीकडे फेकला जातो."

"म्हणजे चूक माझी नाही?"

"बाण कोणी निवडले?"

"...मी."

"मग?"

"मग तूच निवडून दे," तो पटकन म्हणाला. "टेगन, सगळे म्हणतात, तुझ्यासारखे बाण आसपास कोणी करत नाही."

आठवडाभर मी टपाल कचेरीत असते, पण सुट्टीच्या दिवशी परसातल्या शेडमध्ये बाण करते. पाइनच्या काड्या, टर्कीची पिसं, सरसाचा वास... तेच माझं जग. त्या शनिवारी डारिओ तिथे आला तो द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊनच.

"आधी तुझी ओढ मोजायची," मी म्हटलं. इंचांच्या खुणा केलेली लांब काडी त्याच्या हातात दिली. "नेहमी ओढतोस तशीच ओढ. सोडू नकोस."

त्यानं दोरी ओढली. खुणा वाचायला मला अगदी जवळ उभं राहावं लागलं. त्याच्या शर्टाला ऊन आणि द्राक्षांच्या पानांचा वास येत होता.

"डारिओ, श्वास घेतोयस ना?"

"घ्यायचा असतो का?"

सव्वीस इंच. मी पुन्हा पाहिलं. सव्वीसच.

"एवढा ताडमाड माणूस आणि ओढ एवढीशी?"

"लहानपणी द्राक्षं कमी खाल्ली असतील," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी कामाला लागले. एकेक काडी दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध वजन टांगायचं, किती झुकते ते पाहायचं. जास्त झुकली, बाद. कमी झुकली, तीही बाद. धनुष्याचा जोर आणि सव्वीस इंचांची ओढ यांना साजेशा काड्या हाती लागल्या, की त्यांना पिसं चिकटवायची. काड्या मात्र मी नेहमीच ओढीपेक्षा जरा लांब ठेवते.

पुढच्या वेळी त्यानं माझ्यासमोर ते बाण सोडले. सगळे सरळ, मधोमध! मी अशी काही ऐटीत उभी राहिले की विचारू नका.

आठवड्याभरात स्वारी पुन्हा दारात.

"टेगन... उजवीकडे जातायत."

"डावीकडे म्हणायचंय का?"

"उजवीकडे. रोज संध्याकाळी मळ्यात मारतो. रोज उजवीकडे."

मी त्याला परसात उभं केलं. बाण सरळ गेले. तो डोकं खाजवत परतला. आठ दिवसांनी पुन्हा तेच गाऱ्हाणं, आणि माझ्यासमोर पुन्हा तेच सरळ बाण. मग मात्र मला हसू आवरेना.

"भेटायला यायचं असेल तर सरळ ये की! माझ्या बाणांना कशाला बदनाम करतोस?"

मी थट्टेनं म्हटलं होतं. पण त्याचे कान लाल झाले, चेहरा उतरला.

"मी खोटं बोलत नाही, टेगन," तो हळूच म्हणाला. धनुष्य उचललं आणि निघून गेला.

तो पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. क्लबात चहा ओतता ओतता आमची सेक्रेटरी मार्लीन म्हणाली, "डारिओचे बाण फसले म्हणे. तुझा हात बसला नाही का गं या वेळी?"

ते झोंबलं. पण शनिवारी शेडचं दार कोणी वाजवत नाही, ते त्याहून जास्त झोंबत होतं.

संध्याकाळी मी न कळवताच मळ्यावर गेले. तोडणी उरकली होती, पानं लालसर झाली होती, हवेत आंबूस-गोड वास. पाण्याच्या टाकीजवळ तो पाठमोरा उभा होता. त्यानं दोरी ओढली... आणि मी जागच्या जागी थबकले.

त्याचा हात हनुवटीपाशी थांबलाच नाही. थेट कानाशी गेला. पाठ रुंदावली, छाती उघडली, बाणाचं टोक मुठीला येऊन भिडलं. सोडलेला बाण उजवीकडे वळत गवतात घुसला. जाणारच! तेवढ्या ओढीला माझी काडी फार लवचिक होती.

"पुन्हा मार," मी म्हटलं.

तो दचकून वळला. "तू? कधी आलीस?"

"मार ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाण लावला, दोरी ओढली. हात हनुवटीशी येऊन अडला. पुरते दोन इंच अलीकडे. बाण सरळ मधोमध!

टाकीवर एक मॅगपाय पक्षी गात होता.

"डारिओ, मी नसले की तुझा हात कानापर्यंत जातो. मी असले की... मध्येच थांबतो."

त्यानं स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"मला ठाऊकच नव्हतं," तो म्हणाला. "पण असेल. तू जवळ असलीस की छातीत जागाच उरत नाही गं. श्वास अर्धाच मावतो."

एरवी माझ्या जिभेला हाड नसतं. त्या दिवशी मात्र मी थट्टा केली नाही.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तू खोटं बोलत नव्हतास."

"नव्हतो. पण... भेटायला यायचं होतं, हेही खरंच होतं."

"मग आता बाण कोणते करू तुझ्यासाठी? मी नसतानाचे की मी असतानाचे?"

गालावरची ती रेघ हळूहळू उमटली. "तू किती दिवस असणार आहेस, त्यावर आहे."

मी पुढे झाले. त्याच्या हातातलं धनुष्य काढून टाकीला टेकवून ठेवलं, कारण ते फारच मध्ये येत होतं.

त्यानंतरची प्रत्येक संध्याकाळ मी मळ्यावर घालवली. आणि जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, सकाळचं गवत हिमानं पांढरं झालेलं असताना, क्लबच्या मैदानावर मी त्याच्या शेजारी उभी होते. त्यानं सव्वीस इंचांसाठी केलेला तोच जुना बाण लावला, माझ्याकडे एकदा पाहिलं, शांतपणे पुरता श्वास घेतला आणि दोरी ओढली... हनुवटी, गाल, कान. पुरते अठ्ठावीस इंच.

बाण लक्ष्याच्या उजवीकडून सणसणत थेट कुंपणात गेला.

सगळे चुकचुकले. मी मात्र टाळ्या वाजवत नाचत सुटले, आणि मार्लीन किटली हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.