लड धरणारा

उद्या बाळाला लस टोचायला न्यायचं होतं, बाहेर बोचरं वारं सुटलं होतं आणि कानटोपीचा अजून पत्ता नव्हता. तिच्या आईने इतकी वर्षं ट्रंकेत जिवापाड जपलेली सायीच्या रंगाची लोकर कालच तिच्या हाती दिली होती. पण ती होती लड. आधी तिचा गोळा करायला हवा, आणि त्यासाठी समोर कुणीतरी दोन्ही हातांवर लड ताणून धरायला हवी. नवरा कामावर. शेवटी तिने दोन खुर्च्यांच्या पाठींवर लड चढवली. धागा वेढ्या-वेढ्याला अडकत होता. ‘घ्या, आई झाले आणि साधा गोळा जमेना,’ ती स्वतःशीच म्हणाली.

आत बाळ कुरकुरलं. त्याला थोपटून ती परतली, गोळा उचलला, आणि धागा लोण्यासारखा यायला लागला.

तिने वर पाहिलं. लड खुर्च्यांवर नव्हती. तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर हवेत ताणलेली होती. धागा सुटेल तशी डावीकडे कलत होती, मग उजवीकडे. भरदुपारी खोली काळवंडली होती. डांबरगोळ्यांचा वास दाटला होता.

जागरणांनी असं दिसतं म्हणे. थांबायचा धीर होईना, म्हणून ती गुंडाळत राहिली. मध्येच तिने आईला फोन लावला.

“आई... ही लोकर कुणासाठी आणली होतीस गं?”

“तुझ्या दादासाठी. तुझ्या आधीचा तो. माझ्या लडी तोच धरायचा, हात भरून आले तरी सोडायचा नाही. हिची टोपी व्हायच्या आतच तापाने... का गं?”

“काही नाही. उगीच.”

फोन ठेवून ती हळूच म्हणाली, “दादा... बाळाला देतोस ना? मामा आहेस तू त्याचा...”

लड थबकली.

आत बाळाला ठसका लागला. थांबेचना. तिने उठायला पाहिलं, पण धागा बोटांना करकचून आवळला गेला.

“बरं, बरं... तुझीच करते. आधी तुझी.”

ठसका थांबला. शेवटचा वेढा सुटून आला, तर धाग्याच्या टोकाला एक वेटोळं बांधलेलं होतं. बाळाच्या डोक्याहून बरंच मोठं.

लोकर एका टोपीपुरतीच होती. बाळाला शालीत गुंडाळून नेता येईल, तिने स्वतःला बजावलं, आणि त्या वेटोळ्याच्या मापाने टाके घालायला घेतले.

पहिली ओळ संपत आली तेव्हा कुणीतरी मागून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

त्याच्या अंगात चांगलाच ताप होता.