काचेची सोंगटी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण ज्या मालनमावशीनं मला हे सांगितलं, तिनं उभ्या आयुष्यात एक थाप मारलेली नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे. हे मात्र खरं आहे.

साल चौऱ्याहत्तर. हिवाळा. गाव हिंगोलीकडचं पुसेगाव. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. वेळ दिवेलागणीची.

मावशीचे सासरे जळबा. त्यांची बायको जनकाबाई पोळ्याच्या आसपास तापानं गेली.

ओसरीच्या फरशीवर तिनंच खिळ्यानं कोरलेला कवड्यांचा पट होता. रोज संध्याकाळी नवरा-बायको तिथं बसायचे. एकेकच सोंगटी घ्यायचे. त्यांचा चिंचोका, तिचा निळ्या बांगडीचा तुकडा. खेळ साधा. बाहेरच्या घरांतून फिरायचं. समोरच्याची सोंगटी मारली, तरच मधल्या घरात जायचं. नाहीतर फिरत राहा.

जनकाबाईनं जन्मात नवऱ्याची सोंगटी मारली नाही.

"तुमाला मारून मी एकटीच आत जाऊ व्हय?" म्हणायची.

जळबा मात्र खुशाल तिची मारायचे आणि मिशीवर ताव द्यायचे.

ती गेली आणि म्हाताऱ्याचं बोलणंच आटलं. मुलगा अमृतराव, म्हणजे मावशीचा नवरा, हिंगोलीत हळदीच्या अडतीवर कामाला होता. बाप रमावा म्हणून त्यानं नवाकोरा कॅरम आणला. पावडरीच्या डब्यासकट. चार दिवस गल्ली गोळा झाली. जळबांनी मारलेला स्ट्रायकर उडून अंगणात कोंबड्यांत पडला. सगळे हसले.

जळबा हसले नाहीत.

"ह्यात नुसतं दुसऱ्याला ढकलायचं," ते म्हणाले. "गोष्टी करायला सवडच न्हाई."

त्यांनी कॅरम भिंतीला टेकवला. कोनाड्यातून जुन्या कवड्या काढल्या आणि दोन्हीकडून एकटेच खेळायला बसले. मावशीला बरं वाटलं. निदान म्हातारा कशात तरी गुंतला.

मग एका संध्याकाळी मावशी भाकरी थापत होती. ओसरीवर कवड्या पडल्या. नेहमीसारख्या.

ती कंदील घेऊन बाहेर आली...

जळबांचे दोन्ही हात घोंगडीत होते.

फरशीवर कवड्या अजून डोलत होत्या. आणि निळी काच... हळूच तीन घरं पुढं सरकली.

मावशी एक पाऊल मागं सरली.

"भिऊ नको, मालन," जळबा म्हणाले. "तुही सासू हाय."

त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू होतं. ते बघून मावशीला रडू फुटलं.

मग रोजच तसं व्हायला लागलं. काच फिरायची. चिंचोका वाटेत आला की त्याला ओलांडून पुढं जायची. पुन्हा तोच फेरा.

जळबांचं हसू हळूहळू मावळलं.

"थकून गेली ती," एके दिवशी ते म्हणाले. "माह्यापायी बाहेरच फिरून राहिली. मला मारल्याबिगर तिला घर न्हाई."

त्या संध्याकाळी त्यांनी चिंचोका काचेच्या अगदी पुढच्या घरात ठेवला.

मावशीनं त्यांचा हात धरला. "मामा, नका! तुमाला काही झालं तर?"

"झालं तर बरंच हाय की. संगंच जाऊ." मग पटाकडं बघून म्हणाले, "मार, जनका. आता माया नको करू."

कवड्या पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हातारा रोज विनवण्या करायचा. मावशी आत चुलीशी तोंडात पदर कोंबून बसायची.

आणि मग एकदा...

कवड्या पडल्या.

काच जागेवर थरथरली. बराच वेळ. मग एक घर पुढं गेली. चिंचोका घरंगळत जळबांच्या गुडघ्याला लागला.

काच एकेक घर करत मधल्या घरात पोचली.

आणि दिसेनाशी झाली.

जळबांनी डोळे मिटून घेतले होते. मावशीनं धावत जाऊन त्यांच्या नाकाशी हात धरला.

श्वास चालू होता.

त्यांनी डोळे उघडले. आधी पट पाहिला, मग स्वतःचे हात. मग लेकरासारखे रडायला लागले.

"ती गेली, मालन. आता मी आत कसा जाऊ? मारायला बाहेर कोणी राह्यलंच न्हाई."

पुढं ते पुष्कळ वर्षं जगले. कवड्यांना हात लावला नाही.

ते वारले त्या संध्याकाळी... ओसरीवर कवड्या पडल्याचा आवाज आला.

तो अजून येतो. मावशीचं घर आता सिमेंटचं झालंय, पण ती फरशी तिनं काढू दिली नाही. पटावर एकच चिंचोका असतो. मावशी सकाळी त्याच्या भोवतीनं झाडते. संध्याकाळी बघावं, तर तो भलत्याच घरात असतो. बाहेरच्याच.

मागच्या दिवाळीत मी गेलो होतो. मावशी ऐंशीच्या पुढं गेलीय. ओसरीवर टेकून पटाकडं बघत बसली होती.

"मामा लई थकले रे," ती म्हणाली. "कोणीतरी समोर बसायला पायजे."

मी तिच्या हाताकडं पाहिलं.

मुठीत हिरव्या बांगडीचा तुकडा होता.

मी तो काढून घेतला आणि अंगणापलीकडं भिरकावून दिला. मावशीनं दुसरा हात पदराखाली घेतला. त्या हातातल्या हिरव्या बांगड्या मी मोजायला हव्या होत्या... ते गाडीत बसल्यावर सुचलं.