विरजणाची वाटी

त्या काळी भयगंधेची कुंडी घरोघर असे. पाण्याच्या मीटरसारखी मुकी आणि तितकीच चोख. ती फेकून द्यायला बंदी नव्हती, पण ज्याच्या खिडकीतून कुंडी नाहीशी होई, त्याच्या दाराकडे अख्खी इमारत कान लावून बसे. म्हणून सोहमसारखे नवरेही तिला मुकाट पाणी घालत.

त्याची बायको ईश्वरी महिला केंद्रात गेली, तेव्हा तिने डॉक्टर टिळेकरांना तोंडावर विचारलं, "झाड काय करणार हो? माझ्या सासूबाईंनीसुद्धा काही केलं नाही."

भयगंधा घडवणाऱ्या टिळेकरबाई हसल्या. "टोमॅटोला अळी लागली की तो हवेत एक रसायन सोडतो. शेजारचं झाड ते ओळखतं आणि अळी पोचायच्या आत आपली पानं कडू करून ठेवतं. आम्ही तीच खोड उचलली. माणूस घाबरला की त्याच्या घामातून जे सुटतं, ते भयगंधेला कळतं."

"आणि वास सुटतो? यांना आला, तर माझं काय होईल?"

"तिथंच तर मेख आहे. तुमची कुंडी बिनवासाचा वायू सोडते. तो शेजारच्या कुंडीला पोचला की तिला वास सुटतो, चुरडलेल्या कढीपत्त्यासारखा. आपल्या घरातल्या भीतीचा वास आपल्याला येत नाही, शेजाऱ्याला येतो. पण झाड नुसतं सांगतं. धावणारी माणसं तुम्ही जमवायची."

माणसं जमवली शेजारच्या तन्वीकाकूंनी. कुणाचं पातेलं कुणाकडे अडकलंय, हे काकूंना झोपेतही सांगता येई. "वास आला की आम्ही वाट्या घेऊन येणार, विरजण मागायला. नाही म्हणायची काय बिशाद आहे त्याची! तू एवढंच कर. त्याचा पारा चढला की स्वयंपाकघरात शिरू नकोस, तिथं सुऱ्या असतात. दाराच्या बाजूला राहा. लेकीला, ऋचालाही शिकव."

शेजारचा डबा किंवा वाटी रिकामी परत करायची नाही, हा रिवाज ईश्वरीने त्या दिवाळीत मन लावून पाळला. चकल्यांखालून काकूंकडे पासबुक गेलं, लाडवांखालून ऋचाचा जन्मदाखला.

मग एका रविवारी दुपारी सोहमने कपाट उघडलं.

"दाखला कुठाय?"

उत्तराची वाट न बघता त्याने दाराला कडी घातली आणि कमरेच्या पट्ट्याला हात घातला. ईश्वरी लेकीला घेऊन दाराशी सरकली. घरात कसलाही वास नव्हता. झाडानं दगा दिला, असं तिला वाटलं, तोच बेल वाजली. तिने पाठीमागे हात नेऊन कडी काढली.

"अगं, चमचाभर विरजण आहे का?" काकू थेट सोफ्यावर येऊन बसल्या. मागोमाग नाझनीनभाभी, त्यांच्या मागे पवारांची सून. प्रत्येकीच्या हातात वाटी.

"तिघींना एकदम?" सोहम गुरगुरला.

"सगळ्यांचंच दही फसलं, भाऊ," नाझनीनभाभी म्हणाल्या. "हवाच तशी आहे."

"काकूंची कालची वाटी पोचवून येते," म्हणत ईश्वरीने ऋचाचा हात धरला. काकूंच्या दारामागे पिशवी भरून तयारच होती. ती वाटी पोचवायला गेलेली ईश्वरी पुन्हा त्या घरात आली नाही.

दुसऱ्या शहरात तिने नोकरी धरली, दोन खोल्या घेतल्या, खिडकीत भयगंधा लावली. हळूहळू तिला झोप लागू लागली. काकूंची युक्ती तोवर गावोगाव पसरली होती.

एका संध्याकाळी ऋचाचा आठचा पाढा पुन्हा चुकला. ईश्वरीचा आवाज चढला, लाकडी पट्टी टेबलावर आपटली. थोड्या वेळाने बेल वाजली.

दारात शेजारच्या गोडबोलेबाई होत्या. "जरा विरजण मिळेल का?" त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरची मुलगी, तिच्याही हातात वाटी.

ईश्वरी दचकून मागे वळली. तो आत आला कुठून?

तो नव्हताच. ऋचा होती. भिंतीला पाठ लावून, आईने शिकवल्याप्रमाणे दाराच्या बाजूला.

ईश्वरीने खोल श्वास घेतला. वास कसलाच नव्हता. तिला तो येणारही नव्हता. पट्टी अजून तिच्या हातात होती. ती तिने गोडबोलेबाईंच्या वाटीत ठेवली आणि दार सताड उघडलं.

"आत या," ती म्हणाली. "बसा जरा वेळ."